वस्तराकाकी आणि दाढ्यांचा वॉर्ड

काकीचा नवरा गेला तेव्हा त्याच्या दाढी-कटिंगच्या दुकानाला टाळं लागणार असं सगळ्या बाजाराने धरून ठेवलं होतं. हिने महिनाभरात शटर वर केलं आणि नवऱ्याचा वस्तरा घेऊन खुर्चीमागे उभी राहिली. बाईच्या हातून दाढी? पुरुष मान खाली घालून पुढे जायचे नि पलीकडच्या दुकानात ताटकळत बसायचे. शेवटी घाईत असलेला एक हमाल बसला. त्याचे गाल असे तुकतुकीत झाले की दिवसभर तोच तिची जाहिरात होऊन हिंडला. तेव्हापासून ती वस्तराकाकी. जीभही त्याच धारेची.

साथ आली ती आधी टीव्हीवर, लांबच्या शहरात. काकीच्या खुर्चीत बसून लोक साथीवर विनोद करायचे. मग गोदामातल्या एका ट्रकवाल्याला ताप भरला, मग त्याच्या खोलीतल्या सगळ्यांना, मग गोदामामागची अख्खी वस्ती खोकू लागली. दुकानं बंद झाली. शाळेतले बाक बाहेर काढून आत खाटा टाकल्या. कुणी शिंकलं तरी गल्ली त्याच्याकडे चोराकडे बघावं तशी बघायची.

एका सकाळी शाळेतली मोठी सिस्टर काकीच्या दारापासून चार हात लांब उभी राहिली.

"काकी, पुरुषांच्या दाढ्या वाढल्यात. मास्क गालाला नीट बसत नाही, सगळा ऑक्सिजन फटीतून पळतो. बाकी सगळ्या न्हाव्यांना विचारून झालं. कुणी यायला तयार नाही."

"म्हणजे मी सगळ्यात शेवटी आठवले."

"हो," सिस्टर म्हणाली. खोटं बोलण्याएवढी ताकद तिच्यात उरली नव्हती.

काकी पेटी भरायला आत वळली तर मुलगा वाटेत उभा. सून पोटुशी, दिवस भरत आलेले. घरातलं पहिलं नातवंड. काकीने जुनी लुगडी उसवून दुपट्यांचा ढीग लावला होता.

"आई, तिकडे गेलीस तर या घरात परत यायचं नाही." आवाज चढवून बोलला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"हे दार मी बसवून घेतलंय," काकी म्हणाली. "तू कडी लाव. तेवढंच तुझ्या हातात आहे."

आणि दुकानात अंथरूण टाकून राहिली.

शाळेत तिला डोक्यापासून पायापर्यंत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं. तोंडाला मास्क, त्यापुढे काच. ब्लेड मधोमध मोडून वस्तऱ्यात अडकवायचं, सिस्टरने मास्क एका बाजूने उचलला की तेवढा गाल उरकायचा, मास्क परत दाबायचा, मग दुसरा गाल. माणूस धापा टाकतोय, हातमोजे निसरडे, घाम डोळ्यांत.

"काकी, मिशी तेवढी ठेवा," एक फौजदार कुजबुजला.

"मिशी ठेवते, मग तुम्हाला कुठे ठेवू?" म्हणत तिने ती उडवली.

हात बसला तसा घात झाला. आयुष्यभराची सवय: दाढी झाली की कानामागचे केस फुंकर मारून उडवायचे. एका म्हाताऱ्याचा गाल मनासारखा उतरला, आणि काकीने काच वर केली, स्वतःचा मास्क खाली ओढला आणि त्याच्या कानामागे मस्त फुंकर घातली.

सिस्टरने झटकन तिची काच खाली ओढली. "काकी, हे काय केलंत?"

"दाढी पुरी केली," काकी म्हणाली, आणि मग तिला कळलं.

आठवड्याच्या आत ती बायकांच्या खोलीत खाटेवर होती. गल्लीत म्हणे लोकांनी मान हलवली, भोगा म्हणाले. काकीने भोगलं, बरी झाली. घरी नात झाल्याचं तिला खाटेवरच कळलं. सुट्टी मिळाल्यावर ती सरळ घरी गेली. मुलाने दार अर्धं उघडलं.

"परत जाणार नाहीस असं कबूल कर, मग आत ये."

आतून बाळ रडत होतं. काकीने ते ऐकून घेतलं, पेटी दुसऱ्या हातात घेतली आणि दुकानाकडे चालू लागली.

साथ ओसरली, लोक बिनमास्कचे हसू लागले, आणि साथ पुन्हा आली, पहिलीपेक्षा खवळून. काकी पुन्हा शाळेत. या खेपेला केस उडवायला रंगाचा ब्रश होता. जे वाचले त्यांच्या दाढ्या तिने केल्या. जे गेले त्यांच्याही केल्या, सिस्टर म्हणाली आता गरज नाही, तर काकी म्हणाली, "अर्धी दाढी घेऊन जाईल होय तो?"

मग लशी आल्या, खाटा गेल्या, बाक परत आत आले. काकीचं शटर वर गेलं तर बाहेर ही रांग. भोगा म्हणणारे सगळ्यात पुढे.

एका दुपारी मुलगा आला, मागे सून, तिच्या कडेवर नात. मुलाने चपला दाराबाहेर काढल्या.

"आई, आता घरी चल. संपलं ना सगळं."

"आणि पुन्हा आली साथ, तर?"

"तर... तेव्हा बघू."

"तेव्हा नाही, आत्ता बघ. पुन्हा आली तर मी पुन्हा जाणार. कडी लावायची असेल तर आजच लाव, मला अंथरूण हलवायचा त्रास नको."

गिऱ्हाईक तोंडाला फेस तसाच ठेवून ऐकत होतं. सून नवऱ्याला ओलांडून पुढे आली आणि पोर काकीच्या हातात दिली.

"चला तुम्ही," ती म्हणाली. "कडीचं मी बघते."

काकीने नातीला खांद्यावर घेतलं आणि गिऱ्हाइकाकडे वळली. "उठू नका. आधी तुमचा दुसरा गाल उरकते, मग जाते."