पडद्याचं पान

अमेरिकेत ॲन आर्बरच्या विद्यापीठाच्या लायब्ररीत मी कॉम्प्युटर सांभाळायचो, दोन हजार चारच्या आसपास. तिथे फाटकी पुस्तकं शिवणारे एक जपानी गृहस्थ होते. मनातल्या मनात मी त्यांना काकाच म्हणायचो. काहीही विचारलं की ते आधी चष्मा पुसायचे, मग बोलायचे. आपल्या बंदराच्या गावातल्या जुन्या थिएटरचा इतिहास ते लिहीत होते. नातवंडांना जपानी येत नव्हतं, म्हणून इंग्रजीत. लंचच्या सुट्टीत मी तो टाइप करून द्यायचो.

थिएटरला आग लागली तेव्हा त्यांच्या वडिलांनी आत शिरून रंगमंचाचा पडदा वाचवला, हे त्यांचं लाडकं पान. मला ते त्यांनी चारदा तरी वाचून दाखवलं होतं.

मग एकदा गावाहून थिएटरच्या म्हाताऱ्या मॅनेजरचं जपानीत पत्र आलं. त्यात काय आहे ते काकांनीच मला सांगितलं. पडदा वाचवला होता तिकिटं फाडणाऱ्या बाईनं. वडील आधीच बाहेर पळाले होते.

काकांनी बराच वेळ चष्मा पुसला.

"हे पान बदलू या. त्या बाईंचं नाव घाला."

"राहू द्या ना, सर. तुमच्या नातवंडांना कुठे कळणार आहे?"

"त्या बाईंनाही नातवंडं असतील."

मी नाव घातलं. "आणि वडिलांचं काय लिहू?"

"ते घाबरले, असं लिहा." पुन्हा चष्मा पुसून ते म्हणाले, "आणि दुसऱ्या दिवशी राख उपसायला सगळ्यांत आधी तेच आले. तेही पत्रात आहे."

मला जपानी वाचता येत नाही. पण पत्र दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं, असं मला वाटलं नाही. मी टाइप केलं.