अमळनेरातला भरतीचा फळा

त्या सकाळी फळ्यावर आदल्या दिवशीची वेळ होती. एस.टी. स्टँडच्या मागे, तेलाच्या गिरणीकडे वळणाऱ्या रस्त्यावर दौलतनानांचं पंक्चरचं दुकान. दुकानाच्या दाराशी टांगलेल्या फळ्यावर ते रोज सकाळी खडूने समुद्राच्या भरतीची वेळ लिहीत. अमळनेरहून समुद्र गाठायचा तर एक अख्खा दिवस मोडतो. त्यामुळे गावाच्या लेखी ते नानांचं वेड होतं, पोरंसुद्धा "नाना, आज बोरी नदीला भरती किती वाजता?" म्हणून खिजवत. मी मात्र दूध घेऊन येताना तो फळा रोज वाचत असे, तोही नजर चोरून. त्या दिवशी पंचमी होती आणि फळ्यावर चतुर्थीची वेळ होती. बारा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी दुधाची बरणी हातात घेऊन तसाच उभा राहिलो... आतून त्यांचा मुलगा भास्कर आला आणि म्हणाला, "गुरुजी, नाना गयात."

त्याला आता पाच आठवडे झाले. दहाव्याला, तेराव्याला सगळे बोलले ते नानांच्या साधेपणाबद्दल आणि त्या वेडाबद्दल. मीही मान डोलावली. मला मान डोलवायची सवय जुनीच आहे, ते पुढे येईलच.

नाना मूळचे ट्रक ड्रायव्हर, ट्रक स्वतःचा. सावद्याहून केळी भरून मुंबईला न्यायचे. आई लवकर गेली, त्यांना वाढवलं थोरल्या बहिणीने, सखूअक्काने. अक्का बालविधवा. तापीकाठच्या खेड्यात वाढलेली, पोहण्यात गड्यांना मागे टाकणारी. नाना पहिल्यांदा समुद्र बघून परत आले तेव्हा अक्काने विचारलं होतं, "दौलत, समुद्र कसा शे रे? आपली तापीसारखा का?" नानांना सांगता येईना. ते म्हणाले, "अक्का, तुले दखाडसू." दाखवीन म्हणून दिलेल्या एवढ्या एका शब्दापायी त्यांनी पुढे ट्रक विकला आणि लग्नाची वऱ्हाडं नेणारी एक जुनी बस घेतली.

गुजरात आणि महाराष्ट्र वेगळे होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. आमच्याकडच्या माणसाला समुद्र हवा तर तो सुरतेच्या गाडीत बसे, कारण तोच जवळचा. गोवा नुकता मोकळा झालेला, हौशी लोकांचे डोळे तिकडे. नानांचं म्हणणं, आपल्या राज्याला एवढा किनारा असताना आपण दुसऱ्याच्या दारात का जावं? ठाणे जिल्ह्यात, सुरुची बनं आहेत त्या भागात, त्यांनी एक कोळ्यांचं गाव शोधलं. गावाचं नाव लिहीत नाही, त्या गावाचा काही दोष नव्हता. तिथल्या होडीवाल्या रामा तांडेलाच्या मदतीने त्यांनी माडाच्या झापांच्या तीन खोल्या उभ्या केल्या, विहीर उपसून घेतली. धुळ्याला दौऱ्यावर आलेल्या मुंबईच्या एका साहेबांकडे त्या गावापर्यंतच्या रस्त्यासाठी अर्ज घेऊन आम्ही दोघं गेलो, तर साहेब हसले. "सुरत तुमच्या दाराशी, गोवा सगळ्यांच्या तोंडी. तुमच्या या वाळूला कोण विचारणार?" बाहेर आल्यावर नाना म्हणाले, "विचारतीन, गुरुजी. आपन त्यासले सांगाले तर पाहिजे." सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेत गणित शिकवायचो, पण गावात माझी ख्याती होती भाषणं आणि मानपत्रं लिहिणारा म्हणून.

रामा तांडेलाने नानांना एक हिशेब शिकवला होता. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, भरतीचा तास येतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्याच्या सहा तास आधी पुरती ओहोटी, तिथून पाणी फिरतं. आमच्या पिढीने पाऊणकी, म्हणजे पाऊणाचा पाढा, छडीखाली पाठ केली आणि आयुष्यात कुठेच वापरली नाही. नानांना ती तिथे, वाळूत बसून सापडली. जाहिरातीच्या कागदावर हे सगळ्यात वर छापा, असा त्यांचा आग्रह होता. मी ते खोडलं. म्हणालो, "नाना, आधीच भीती घातलीत तर लोक सुरतेच्या गाडीत बसतील. त्यांच्या कागदावर कुठे असलं काही असतं?" आणि त्या जागी मी एक वाक्य लिहिलं, ज्याचा मला फार अभिमान वाटला: 'समुद्र म्हणजे आपली तापीच, फक्त पैलतीर नसलेली.' नानांनी कागद माझ्याकडे परत दिला. मग म्हणाले, "तुम्ही शिकेल मानूस शेतस. तुमले जास्ती समजस." अक्काला वाचता येत नव्हतं, तिला मीच ते वाचून दाखवलं. तिला इतकं आवडलं की आल्यागेल्याला ती ते ऐकवायची.

दोन हिवाळे बस भरून गेली. तिसऱ्या हिवाळ्यात, पौषातल्या दशमीला, अक्का निघाली. आधीच्या दोन्ही हिवाळ्यांत तिने गावातल्या बायकांसाठी आपली जागा सोडली होती. आम्ही दुपारी बाराच्या सुमारास पोचलो. बसचं काहीतरी तुटलं होतं म्हणून नाना रस्त्यावरच गाडीखाली शिरले आणि मला म्हणाले, "गुरुजी, मानसं संभाळा. पाऊणकी करी ल्या." समुद्र दूर गेला होता. पुढे वाळूचा एक स्वच्छ, रुंद उंचवटा उघडा पडला होता; त्याच्या अलीकडच्या सखल भागात पाऊल भिजेल इतकंच पाणी. थंडीत तापीच्या पात्रात उतरून भरिताची पार्टी करायची ही आमची पिढ्यान्पिढ्यांची रीत, आणि ती वाळू थेट तापीच्या पात्रासारखी दिसत होती. मीच म्हणालो, "चला, तिथे चूल मांडू." बसच्या टपावरून आणलेल्या कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, पुऱ्या तळल्या. अक्का पुढे पाण्याच्या कडेला जाऊन समुद्राला हात जोडून आली. मी जेवलो आणि टोपी डोळ्यांवर ओढून पडलो. दहाची पाऊणपट साडेसात. साडेसातला भरती, म्हणजे सव्वा-दीडनंतर पाणी फिरणार. वर्गातल्या कुठल्याही पोराने हे उभ्या उभ्या सांगितलं असतं. मी केलं नाही.

हाका ऐकून उठलो तेव्हा आमच्या मागचा सखल भाग भरला होता. आम्ही कोरड्या वाळूवर होतो आणि गाव पाण्यापलीकडे होतं. रामा तांडेल तिकडून दोन्ही हात हलवून ओरडत होता, "थांबा! कोणी उतरू नका, होडी आणतो!" सगळे थांबलेही. अक्काने मात्र पितळी परात उचलली, कमरेला पदर खोचला. म्हणाली, "पानी ते कमरेइतलं शे. मी तापीनी पोर शे." जाता जाता माझ्याकडे वळून हसली आणि माझं वाक्य मलाच म्हणून दाखवलं... मी तिला अडवलं नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बरं वाटलं. आपलं वाक्य लोकांच्या तोंडी बसलं, याचं बरं वाटलं. मध्यावर ती एकदम खाली गेली. परात तरंगत बाजूला गेली. होडी आली, बाकीच्या सगळ्यांना तिने काढलं, आणि अक्का सापडली ती सूर्य बुडताना. नाना धावत आले तेव्हा त्यांचे हात ग्रीसने काळे होते. आधी त्यांनी उरलेली माणसं मोजली. मग बहिणीजवळ बसले.

फौजदाराने तो छापील कागद पुढे धरून विचारलं, "हे कोणी लिहिलं?" मी नानांच्या शेजारीच उभा होतो. नाना म्हणाले, "मी." फौजदाराने त्यांची वेडीवाकडी सही पाहिली आणि म्हणाला, "हे असलं तुम्ही लिहिता?" नाना म्हणाले, "साहेब, बस मनी, बहीन मनी. लिखेल बी मनंच." मी मान खाली घातली. शाळेतली नोकरी होती, घरात म्हातारी आई होती, कारणं पुष्कळ होती. परतताना बसमध्ये मी त्यांच्या मागच्याच बाकावर होतो. 

गावाने नानांना सोडलं नाही. धंद्यापायी बहीण घालवली, असं त्यांच्या तोंडावर म्हणणारे होते. बस गेली. पुढच्या पावसाळ्यात झापांच्या खोल्या बसल्या, त्या कोणी पुन्हा उभारल्या नाहीत. आमच्याकडची माणसं पुन्हा सुरतेच्या गाडीत बसू लागली. साहेब म्हणाले होते तेच खरं झालं. नानांनी पंक्चरचं दुकान टाकलं आणि पहिल्याच दिवशी दाराशी फळा टांगला. कोणी विचारलं तर म्हणत, "जो समुद्रवर जाई, तो वाचीसन जाई." भरतीच्या वेळेखाली रोज एक ओळ असे, तीच, त्याच वाकड्या अक्षरात: 'समुद्र म्हणजे तापी नाही.'

बारा वर्षं मी त्या ओळीखालून गेलो-आलो. खाई त्याला खवखवे म्हणतात. ती ओळ माझ्यासाठी होती की खरोखर वाटसरूंसाठी, हे मी कधी विचारलं नाही. नाना मला रोज चहा द्यायचे, सायकलीत हवा भरून द्यायचे. मी रिटायर झालो तेव्हा हार घेऊन आले होते. त्यांनी एकदा तरी शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं.

तेरावं झाल्यावर भास्करने मला दुकानात बोलावलं आणि खडू पुढे केला. म्हणाला, "नाना सांगी गयात. मना मांगे फळा गुरुजी लिखतीन, त्यासनी पाऊणकी चांगली शे." आत्या कशी गेली याबद्दल त्याला तेवढंच माहीत आहे, जेवढं गावाला माहीत आहे. मी खडू घेतला. तेव्हापासून रोज वेळ लिहितो. वेळ लिहून होते, पण खालच्या ओळीशी हात थांबतो. भास्कर बघत असतो म्हणून ती कशीबशी पुरी करतो.

आता ती तशी लिहिवत नाही म्हणून हा लेख. रविवारी वर्तमानपत्राची पुरवणी आली की भास्कर ती दुकानात बसून अथपासून इतिपर्यंत वाचतो. आत्या कोणाच्या वाक्यावर भरवसा ठेवून पाण्यात उतरली, हे त्याला या रविवारी कळेल. सोमवारी सकाळी मी नेहमीच्या वेळी दुकानाशी जाईन आणि हात पुढे करीन. खडू द्यायचा की नाही, ते त्याने ठरवावं. सोमवारी द्वादशी आहे. भरती नऊ वाजता.