दामूअण्णांचं अडलेलं भिंग

मुलांनो, तिकडच्या थंडीत जुन्या कॅमेऱ्याच्या भिंगातली पाती अडकतात, जोर लावून फिरवू का, असं तुम्ही पत्रात विचारलंत. लावू नका. पत्र वाचल्यापासून दामूअण्णा डोळ्यांसमोरून हलत नाहीत, म्हणून लगेच लिहायला बसले.

दामूअण्णा महाडला आमच्या शेजारी राहत आणि फोटो काढत. त्यांना बसलेलं मी क्वचितच पाहिलं. चहासुद्धा येरझाऱ्या घालत पीत. गिऱ्हाइकांना मात्र दरडावत, "हलू नका हो! हलायला मी आहे ना!"

मी बारा वर्षांची होते. पौषातल्या एका सकाळी कापडे गावाहून एक कुटुंब आलं. आजारी म्हातारीला डोलीतून आणलेलं. सगळ्यांबरोबर एक फोटो व्हावा, एवढीच तिची इच्छा होती. नऊ माणसं, दोन रांगा. भिंगाचं भोक बारीक केल्याशिवाय मागची रांग स्पष्ट येणार नव्हती, आणि आतली पाती मिटवून ते बारीक करणारी कडी फिरेना.

"अण्णा, आजच काढा," म्हातारीचा मुलगा म्हणाला. "हिला पुन्ना आणायला जमायचं नाय."

"काय रे, तुजी पेटी रुसली काय?" म्हातारीने डोलीतूनच विचारलं.

अण्णा अंगणभर फिरत होते, पण कडीवर जोर करत नव्हते. "काल दुपारी फिरली. परवा अडली तीही सकाळीच," असं पुटपुटत ते एकदम थांबले. भिंग काढून त्यांनी उन्हात ठेवलं. घटकाभराने कडी सहज फिरली.

"गंज असता किंवा पातं वाकलं असतं, तर उन्हाने सुटलं नसतं." त्यांनी भिंग नाकाशी नेलं. "खोबरेल! थंडीत गोठतंय." ते माझ्याकडे वळले. "कोणी घातलं ग हे?"

पावसाळ्याआधी घरातल्या कुलपांना, कोयत्यांना तेल लावायचं काम माझं. शहाणपणा करून मी अण्णांच्या भिंगातही दोन थेंब सोडले होते. आता हे आपल्याला अंगणात पाऊल टाकू देणार नाहीत, असं वाटलं. तरी म्हटलं, "मी."

"मग बघत काय उभी राहिलीस? भिंग गार व्हायच्या आत म्हातारीचा पदर नीट कर. पाती दुपारी पेट्रोलने धुवायची आहेत, तीही तूच धुणार. आणि पुन्हा तेल नाही, समजलं?"

म्हातारी शिमग्याआधी गेली. अण्णांनाही जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्या फोटोची एक प्रत माझ्याकडे आहे. मागच्या रांगेतले पाचही चेहरे स्पष्ट आहेत.