स्विचला बांधलेलं रबर

नवी मुंबईत, पावण्याच्या एमआयडीसीत मला कामाला लावलं ते आमच्या गावच्या अक्कानं. माझी सातवीत शाळा सुटलेली, नवरा टाकून गेलेला, इथं ओळखीचं कुणी नाही. तिनं तुर्भ्याच्या आपल्या खोलीत जागा दिली, कारखान्यात शब्द टाकला. ते उपकार मी अजून मानते. म्हणून तर हे लिहायला जड जातं.

आम्ही बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं काढायचो. मशीनचं दार उघडायचं, साच्यातला माल काढायचा, दार लावायचं. दार लागल्याशिवाय साचा मिटतच नाही. माझा माल रोज कमी भरायचा. काढून टाकतील याची धास्ती होती. अक्का म्हणाली, "येडे, दाराच्या स्विचला केसांचं रबर बांध. मशीनला वाटतंय दार लागलंय, उघडझाकीचा वेळ वाचतोय. दोन वर्सं झाली मी तसंच करतीय, मेले का?"

मी बांधलं. चौथ्या दिवशी सुपरवायझर बाईंनी पकडलं. त्या इथल्याच गावच्या. ओरडल्या नाहीत. माझा हातमोजा काढून घेतला, माझ्याच डब्यातला भात त्यात ठासून भरला, उघड्या दारातून साच्यात ठेवला आणि बटण दाबलं. साचा मिटला. मोज्याच्या बोटांतून भात बाहेर आला. बाया बघत होत्या. दोघी हसल्यासुद्धा.

"हात कसा होतो, बघून घे गो," बाई म्हणाल्या. "आता बोल, कोनी शिकवलं? नाव सांग, नायतर गेट तिथं हाय."

अक्का समोरच्याच मशीनवर होती. तिनं हळूच मान हलवली, नको म्हणून. मी बोट दाखवलं.

तिला त्याच दुपारी काढलं. जाताना ती माझ्या शेजारून गेली. मी पितळेच्या पट्टीनं साच्याला चिकटलेला भात खरवडत होते, उपाशी.

बाईंचं चुकलं असं मी म्हणणार नाही. माझी दहा बोटं त्यांच्यामुळे आहेत. अक्काचीही असतील. पण तिला हे कुठल्या तोंडानं सांगू?

संध्याकाळी खोलीवर गेले तर माझी पिशवी दाराबाहेर. कपडे धुऊन, घड्या घालून ठेवलेले. कडी आतून लावलेली.

"अक्का," मी हाक मारली. "अक्का गं."

आत टीव्हीचा आवाज वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला मी वेळेवर हजर होते. पिशवी घेऊनच.