हा नॉर्मल कोणाचा?

गाठ तेवढी कापून पाठवायची, भोवतालचं मांस टाकून द्यायचं आणि वर विचारायचं, "रिपोर्ट कधी?" असं करणाऱ्या सर्जनना मी अजून माफ केलेलं नाही. अर्धी गोष्ट त्या भोवतालच्या मांसातच असते. सिल्वासाच्या आमच्या छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी दोन वर्षं हेच शिकले. लॅब आता बंद झाली, पण किस्से साठून राहिलेत. चार मित्र जमले की एकेक बाहेर पडतो.

*

आमच्या मॅडम कोकणातल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला मायक्रोस्कोपपाशी बसवलं. "काय दिसतंय?"

"कॅन्सरच्या पेशी," मी ऐटीत म्हणाले.

"त्या कुणालाही दिसतात. शेजारी बघ. सूज आहे, नव्या रक्तवाहिन्या फुटल्यात. शेजाऱ्यांनी पोसल्याशिवाय गाठ वाढत नाही."

"म्हणजे आमची चाळच की, मॅडम," कोपऱ्यातून रामदासकाका म्हणाले.

काका नंदुरबारचे. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेल्या तुकड्याचे केसाहून पातळ काप काढावेत ते त्यांनीच. गालात कायम तंबाखू.

*

जवळच्या मसाट गावातल्या एका कारखान्यात आम्ही तोंड तपासणीचं शिबिर लावलं. रांगेतला प्रत्येक जण आधी मोरीतल्या नळावर जाऊन चूळ भरायचा आणि मग सांगायचा, "तंबाखू? कभी नहीं, मॅडम."

पंधराव्या माणसानंतर मॅडमनी टॉर्च खाली ठेवला. "राहू दे. मी त्या मोरीलाच तपासते."

*

एकदा मी काकांवर चिडलेच. "रोज हेच कापता, तरी खाता?"

"पोरी, मी फक्त कापतो. बघायचं काम मॅडमचं."

*

मग पेशी रंगवायचा नवा स्टेन आला. रंग नीट चढतो का हे बघायला निरोगी पेशी लागतात. आमची पद्धत अशी की, ज्याचा हात रिकामा त्यानं गाल आतून खरवडून द्यायचा. त्या दिवशी काका रिकामे होते. मी स्लाइड केली, कडेला पेन्सिलीनं 'नॉर्मल' लिहिलं आणि मॅडमच्या ट्रेमध्ये ठेवून दिली. तंबाखू खाणाऱ्याचा गाल, आणि नॉर्मल!

मॅडम बराच वेळ मायक्रोस्कोपवर वाकून होत्या. "हा नॉर्मल कोणाचा?"

काकांनी काप काढायचं यंत्र थांबवलं.

टॉर्चच्या उजेडात त्यांच्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. मॅडमनी त्याचा तुकडा काढायला लावला, भोवतालच्या मांसासकट. स्वतःच्या तुकड्याचे काप काकांनी स्वतःच काढले, मला हात लावू दिला नाही. पेशी बिघडल्या होत्या, खालच्या थरात सूज सुरू झाली होती, पण आत शिरकाव झालेला नव्हता. सुरतला ऑपरेशन झालं.

महिन्याभरानं काकू त्यांना लॅबमध्ये घेऊन आल्या. काकांचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं.

"वेळेत सापडलं," मॅडम म्हणाल्या. "रोज व्यायाम करा, पूर्वीसारखं बोलता येईल."

काकू म्हणाल्या, "सावकाश होऊ द्या, मॅडम. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझं ऐकून घेतायत."