मधेच बंद पडणारी गाडी

डावा पाय अधू म्हणून मी जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली होती. ती चालता चालता मधेच बंद पडायची आणि गॅरेजात नेली की सुरळीत चालायची. शिरूरच्या मेकॅनिकनं काहीच बिघाड नाही म्हणून परत पाठवली. दौंडचा म्हातारा मेकॅनिक मात्र माझ्या शेजारी बसला आणि डॅशबोर्डवर तळवा टेकवून मुकाट ऐकत राहिला. केडगावजवळ इंजिन बंद पडलं. तापल्यावर सैल होणारी वायर त्याला लगेच सापडली.

"मामा, फार धीर धरलात," मी म्हणालो.

वायर आवळता आवळता तो म्हणाला, "माज्या बायकूला अशीच मधीच चक्कर यायची. दवाखान्यात नेली की बरी असायची. मी म्हनायचो, सोंग करती. येक दिवस चुलीम्होरं पडली, ती उठलीच न्हाई."

त्यानं बॉनेट लावलं.

"चला, आजून येकदा फिरवून बघू."