खैऱ्याची गोचिडं

बनुआत्ती ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. आटपाडीच्या पुढे माळावर तिच्या सासरची वस्ती होती. चार खोपटी, मेंढरांचा वाडा आणि वाड्याच्या तोंडाशी खैऱ्या नावाचा तांबूस कुत्रा. नवरा अकाली गेलेला, मुलगा सयाजी पलटणीत आणि घरात दीर नाथाजी. नाथाजीला हुकूम सोडण्याखेरीज दुसरं काम धड येत नसे, हे मी त्याच्या तोंडावरही म्हणत असे.

रोज दुपारी भाकरीभांडी आटोपली की आत्ती बाभळीखाली पाय पसरून बसायची आणि खैऱ्याची गोचिडं काढायची. कान उलटा करायचा, बोटांच्या बेचक्या बघायच्या, गळ्यातला खिळ्यांचा पट्टा सरकवून खाली चाचपायचं. पट्टा घातला होता लांडग्यासाठी. लांडगा लांब राहायचा, गोचिडं मात्र पट्ट्याच्या आडोशाला सुखानं नांदायची. काढलेलं गोचीड खापरातल्या निखाऱ्यावर टाकायचं आणि त्या जागेवर करंजाचं तेल लावायचं. तेच तेल तिच्या दुखऱ्या गुडघ्यांना. आधी करंजाचा वास यायचा, मग आत्ती.

हे खूळ तिला उगाच लागलं नव्हतं. आधीची दोन कुत्री तिच्या डोळ्यांदेखत गेली. आधी अन्न टाकलं, मग हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या, लघवी तांबडी व्हायला लागली. नाथाजीनं नजर लागली म्हणून लिंबं उतरून टाकली. आत्तीनं मेल्या कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवला, तर फुटाण्यासारखी गोचिडं हाताला लागली.

"रगत ह्यांनी प्यालं," ती म्हणाली. "नजर कशाची घिऊन बसलाय?"

गोचिडं रक्त पितात आणि जाताना ताप मागे ठेवतात, हे गुरांच्या डॉक्टरनं आम्हाला फार पुढे सांगितलं. आता खैऱ्या एकटाच उरला होता. तो गेला तर मेंढरं लांडग्यांना ताटात वाढून दिल्यासारखीच होती.

पण माणूस थकतं. आत्तीची नजर अधू झाली, बोटं वाकडी झाली. आज साफ केलेला कान दोन दिवसांनी पुन्हा भरलेला. "कवा संपायचं रं ह्ये?" असं ती एकदा मला म्हणाली.

शेचाळीस साली लढाई आटोपून सयाजी घरी आला. त्याच्या ट्रंकेत पांढऱ्या पावडरीचा डबा होता. इटलीत म्हणे साऱ्या पलटणीच्या सदऱ्यांत ही पावडर मारली आणि उवा औषधालासुद्धा उरल्या नाहीत.

"आये, जरा खैऱ्याच्या अंगावर भुरभुर. पिसवा, गोचिडं समदी गळून पडतील. तुझी दुपार मोकळी," असं सांगून तो पलटणीच्याच कामासाठी साताऱ्याला गेला.

आत्तीनं पावडर भुरभुरली. पण माळाचा वारा तो! निम्मी पावडर आभाळात गेली, उरलेली तिच्या डोक्यावर. आता आमच्याकडची रीत अशी की हळद असो, गंधक असो, अंगाला लावायचं औषध तेलात कालवूनच लावायचं. कोरडं औषध लागतं कुठं? आत्तीनं करंजाच्या तेलात पावडर खलली आणि खैऱ्याला नखशिखांत चोळली. मायेनं दोनदा चोळली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वस्तीवर गेलो, तर खैऱ्या थरथर कापत होता. जबडा हलत होता, तोंडातून लाळ गळत होती, कुणी जवळ गेलं की दचकून कोलमडत होता. नाथाजी कुऱ्हाड घेऊन धावत आला.

"पिसाळलंय! वैनी, मागं व्हा!"

मीही चार पावलं मागं सरलो. कुणीही सरला असता. आत्ती मात्र खैऱ्यापुढे बसली.

"भावजी, काल मी त्येला औशद चोळलंय. त्येचंच ह्ये. पिसाळलं असंल तर चावू दे मला."

आणि तिनं सरळ त्याच्या लाळेनं भरलेल्या तोंडात हात घातला. खैऱ्याचे दात तिच्या हाताभोवती कडकड वाजत होते, पण त्यानं ते रुतवले नाहीत. नाथाजीनं उगारलेली कुऱ्हाड खाली घेतली.

हौदात मेंढरांपुरतंच संध्याकाळचं पाणी होतं. रिठे आणि राख घेऊन तिनं ते सगळं खैऱ्यावर ओतलं. नाथाजी बोंबलत राहिला. मी विहिरीवरून घागरी आणत राहिलो. तेल सुटेपर्यंत आत्ती कुत्र्याला घासत होती आणि रडत होती. सकाळी खैऱ्या ताक प्याला.

सयाजी परत आला आणि ऐकून कपाळाला हात लावून बसला. "आये, कोरडीच लावायची हुती! तेलातनं ती कातड्यात मुरती. सायबानं आमाला बजावलं हुतं."

"मला कुटं बजावलंस?"

डबा नाथाजीनं खड्ड्यात पुरला, तेवढं एक काम त्यानं नीट केलं.

खैऱ्या पुन्हा राखणीला लागला. पण आत्ती बाभळीखाली बसली आणि करंजाचा वास आला की तो उठून पार वाड्याच्या पलीकडे जायचा. गोचिडं पुन्हा भरली, आणि तो दुसऱ्या कुणाला कानाला हात लावू देईना. आत्ती भाकरी दाखवायची, हाका मारायची. ज्या कामाचा तिला वीट आला होता, त्याच कामासाठी ती आता कुत्र्याच्या विनवण्या करत होती.

मग तिनं गुडघ्यांना तेल लावणं सोडलं. हात राखेनं धुवायची, लुगडं धुवायची. थंडी पडली तसं तिला उठताना भिंत धरावी लागायला लागली.

"आत्ती, गुडघ्यांचं काय?" मी विचारलं.

"गुडघं दुकत्यात. मरत न्हाईत."

त्या थंडीतलीच एक दुपार. मी शेजारी बसलो होतो. आत्ती रिकामं खापर पुढ्यात घेऊन पेंगत होती. खैऱ्या लांबून आला, थांबला, तिचा हात हुंगला, पुन्हा हुंगला. मग अंग टाकून त्यानं डोकं तिच्या मांडीवर ठेवलं.

आत्ती जागी झाली. तिनं त्याचा कान उलटा केला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, बोटांनीच चाचपलं.

"लय झाल्यात रं," ती त्याला म्हणाली. मग पदरानं डोळे पुसून माझ्याकडे वळली. "बसलाईस काय? खापरात निखारं घाल."